मधुमेह : येण्यापूर्वींच ओळखावा असा रोग

(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त भरलेल्या आरोग्यविषयक सभेंत एका डॉक्टरांनीं दिलेलें व्याख्यान)



महोत्सवाच्या या आनंदाच्या दिवसांत रोगाचा विषय काढणें कित्येकांस अप्रशस्त वाटेल. परंतु महोत्सव म्हणजे मागील वर्षांचा हिशेब पाहून पुढील वर्षांची तरतूद करण्याची वेळ होय. आणि ज्या घरांतील कर्तीं माणसें आजारानें खचलीं आहेत, त्या घराची तरतूद अपुरीच राहते. म्हणून चालक मंडळींनीं मला मधुमेहावर चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, ती मीं आनंदानें मान्य केली.

माझें म्हणणें थोडक्यांत सांगावयाचें तर तें असें : मधुमेह आपल्या दारीं येण्यापूर्वीं कित्येक वर्षें वाटेवर उभा असतो, आणि त्यास वाटेवरच ओळखतां येतें. सुरुवातीस त्यासाठीं मोठें यंत्र लागत नाहीं. शिंप्याची एक फीत आणि स्वतःशीं थोडा प्रामाणिकपणा एवढें पुरे.

हा रोग नवा नव्हे. रोग्याच्या मूत्राकडे मुंग्या धांवतात हें आपल्या प्राचीन वैद्यांस ठाऊक होतें. सुश्रुतसंहितेंत प्रमेहाचे दोन भेद सांगितले आहेत : एक 'सहज', म्हणजे जन्मासवें आलेला, आणि दुसरा 'अपथ्यनिमित्तज', म्हणजे चुकीच्या आहारविहारानें ओढवलेला. पहिल्याचा रोगी कृश व दुसऱ्याचा स्थूल, असेंही तेथें म्हटलें आहे. आजचें वैद्यकशास्त्रही मधुमेहाचे मुख्यतः दोनच प्रकार मानतें; मात्र त्यांचीं कारणें आतां पुष्कळ स्पष्ट झालीं आहेत.

आपण जो भात, भाकरी, पाव किंवा कंद खातों, त्यांचें पचन होऊन ग्लुकोज नांवाची साखर बनते व ती रक्तांत मिसळते. ही साखर शरीराचें इंधन होय. ती मुळांत वाईट नव्हे. जठराच्या मागें स्वादुपिंड नांवाची एक ग्रंथि आहे. ती इन्सुलिन नांवाचा रस रक्तांत सोडते, आणि त्याच्या योगानें ही साखर स्नायूंत व इतर ठिकाणीं पोंचते.

आपल्या वसईंतील ज्या वडील मंडळींनीं वाडींत रहाट चालतांना पाहिला आहे, त्यांस पुढील गोष्ट चटकन् समजेल. विहिरीचें पाणी वर येतें, पाटांतून वाहतें, आणि पाणी लावणारा गडी एकेका आळ्याचें तोंड उघडून तें केळीच्या मुळाशीं पोंचवितो. आतां गडीच आला नाहीं, तर पाट भरून वाहूं लागतो आणि केळी मात्र सुकतात. किंवा गडी आला आहे, परंतु आळ्यांचीं तोंडें गाळानें बुजलीं आहेत. तो बिचारा दुप्पट राबतो, कांहीं काळ काम निभावून नेतो, आणि अखेर थकून जातो. मधुमेहाचे दोन प्रकार हे असेच आहेत. पाट म्हणजे रक्त, पाणी म्हणजे साखर, आणि गडी म्हणजे इन्सुलिन.

पहिल्या प्रकारांत शरीराची संरक्षक शक्ति चुकून स्वादुपिंडांतील इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशींचाच नाश करते. हा प्रकार बहुधा बालपणीं वा तारुण्यांत उद्भवतो. आईनें लाडानें गोड खाऊं घातलें म्हणून तो होत नाहीं. त्यांत आईबापांचा दोष नाहीं, आणि मुलाचाही नाहीं. १९२१ सालीं कॅनडांतील टोरोंटो येथें फ्रेडरिक बँटिंग व चार्ल्स बेस्ट यांनीं इन्सुलिन वेगळें काढण्यांत यश मिळविलें, आणि १९२२ च्या जानेवारींत लेनर्ड टॉमसन नांवाच्या १४ वर्षांच्या मुलास तें प्रथम टोचण्यांत आलें. त्यापूर्वीं अशीं मुलें झिजून झिजून मृत्यु पावत. आज तीं शिकतात, संसार करतात, नातवंडें पाहतात. मात्र त्यांचें इन्सुलिन कधींही बंद होतां कामा नये. शेजाऱ्यानें सांगितलें म्हणून एखादें चूर्ण किंवा काढा सुरू करून अशा मुलाचें इन्सुलिन थांबविणें म्हणजे त्याच्या प्राणाशीं खेळणें होय.

दुसरा प्रकार हा गाळाचा. शंभर मधुमेह्यांपैकीं नव्वदांहून अधिक याच प्रकारांत मोडतात, आणि आजचें माझें बोलणें मुख्यतः याविषयींच आहे. येथें गाळ म्हणजे काय? पोटांत, यकृतांत व स्नायूंत साचलेली चरबी, आणि वापराअभावीं निकामी होत चाललेले स्नायु. इन्सुलिन असतें, परंतु त्याचा अंमल चालत नाहीं. स्वादुपिंड अधिकाधिक इन्सुलिन सोडून कांहीं वर्षें तोल सांभाळतें. आणि तें थकलें म्हणजे रक्तांतील साखर वाढूं लागते.

या कांहीं वर्षांत माणसास काय जाणवतें? बहुधा कांहींच नाहीं, आणि हीच या रोगाची खरी भीति आहे. वारंवार तहान लागणें, रात्रीं लघवीस उठावें लागणें, वजन घटणें, थकवा येणें, जखम लवकर न भरणें, डोळ्यांस अंधुक दिसणें हीं लक्षणें प्रसिद्ध आहेत. परंतु तीं दिसूं लागतात तोंपर्यंत साखर पुष्कळ वाढलेली असते. कित्येकांस तर यांतील एकही लक्षण नसतें. दुखत नाहीं, खुपत नाहीं, म्हणून मनुष्य स्वस्थ बसतो. आणि इकडे साखर डोळ्यांच्या, मूत्रपिंडांच्या व मज्जातंतूंच्या बारीक रक्तवाहिन्यांस हळूहळू बिघडवीत असते. पायांची जाणीव कमी होऊन कांटा बोंचला तरी कळत नाहीं. जखम चिघळते आणि कधीं कधीं पाय कापावा लागतो. हृदयविकार व पक्षाघात यांचा धोका वाढतो. क्षयरोग होण्याची भीति तर मधुमेह्यास इतरांहून सुमारें तिप्पट असते.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साह्यानें देशभर १ लाख १३ हजार प्रौढांची पाहणी झाली. तिचे निष्कर्ष २०२३ सालीं प्रसिद्ध झाले. त्यांवरून आपल्या देशांत १० कोटींहून अधिक माणसें मधुमेही आहेत असा अंदाज निघतो, म्हणजे प्रौढांपैकीं शेंकडा ११. आणखी सुमारें १३ कोटी ६० लाख लोक उंबरठ्यावर आहेत : त्यांची साखर नेहमींपेक्षां अधिक, परंतु मधुमेह म्हणण्याइतकी नाहीं. या अवस्थेस पूर्वमधुमेह म्हणतात. माझें बोलणें विशेषेंकरून या उंबरठ्यावरील मंडळींसाठीं आहे. आणि त्यांच्यांपैकीं कांहीं या मंडपांतही बसलेलीं असतील, याविषयीं मला शंका वाटत नाहीं.

आतां दोन समजुतींचा विचार करूं. पहिली समजूत अशी, कीं गोड खाणाऱ्यासच मधुमेह होतो. "मी तर गोडाला शिवतही नाहीं," असें सांगणारे पुष्कळ भेटतात. परंतु पोटांत गेलेल्या पांढऱ्या भाताची व मैद्याच्या पावाचीही साखरच होते, आणि ती लवकर होते. म्हणून गोड सोडून भाताचा ढीग तसाच ठेवणाऱ्याचें फारसें कल्याण होत नाहीं. गोडही निर्दोष नव्हे. दिवसांतून पांच कप चहा आणि प्रत्येकांत दोन चमचे साखर असा हिशेब केला तर ती चाळीस ग्रॅमांच्या वर जाते. बाटलींतील रंगीत गोड पेयाच्या ३०० मिलिलिटरांत सुमारें ३० ग्रॅम साखर असते, आणि ती पोट न भरतांच आंत जाते.

दुसरी समजूत अशी, कीं हा रोग लठ्ठ माणसांचा आहे. आपल्या लोकांपुरती तरी ही समजूत घातक आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे इंग्रज सहकारी डॉ. जॉन युडकिन यांनीं २००४ सालीं 'लॅन्सेट' या नियतकालिकांत स्वतःचेंच छायाचित्र व मापें छापलीं. उंची व वजन यांवरून काढलेला निर्देशांक दोघांचाही सारखाच, २२.३, दोघेही दिसण्यांत सडपातळ. परंतु युडकिन यांच्या शरीरांत चरबी शेंकडा ९.१, आणि याज्ञिक यांच्या शरीरांत शेंकडा २१.२. आपल्या लोकांची ही घडण आहे : हातपाय काटकुळे, आणि चरबी पोटाभोंवतीं लपलेली. तराजू ती दाखवीत नाहीं.

आणि ही घडण जन्मापासूनच सुरू होते. पुणें जिल्ह्यांतील सहा खेड्यांत १९९३ सालीं सुरू झालेल्या अभ्यासांत डॉ. याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनीं नवजात बालकांचीं मापें घेतलीं. त्यांचें सरासरी वजन सुमारें २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउदॅम्टन येथील बालकांचें सुमारें ३.५ किलो. आपलीं बालकें स्नायूंत पुष्कळ मागें, परंतु त्वचेखालील चरबींत मात्र जवळजवळ बरोबरीचीं होतीं. यावरून एक गोष्ट लक्षांत घ्यावी : मधुमेहाचा प्रतिबंध मुलीच्या ताटापासून सुरू होतो. सर्वांचें झाल्यावर उरलेंसुरलें खाणारी सून, आणि भावापेक्षां कमी दूध मिळणारी मुलगी, यांच्या अर्धपोटीं राहण्याचा परिणाम पुढच्या पिढीच्या रक्तांत दिसूं शकतो. ज्या भगिनींस गरोदरपणीं साखर वाढल्याचें आढळलें, त्यांनीं बाळंतपणानंतर ती उतरली म्हणून निश्चिंत राहूं नये. त्यांस पुढें मधुमेह होण्याचा संभव बराच अधिक असतो. त्यांनीं तपासणी चालू ठेवावी.

आतां ती फीत हातीं घेऊं. चेन्नईच्या डॉ. व्ही. मोहन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २००५ सालीं आपल्या देशांतील लोकांसाठीं एक सोपा हिशेब प्रसिद्ध केला. त्यांत चार प्रश्न आणि एकूण १०० गुण आहेत. घरीं गेल्यावर प्रत्येकानें तो करून पाहावा.

पहिला प्रश्न वयाचा. ३५ वर्षांखालीं गुण शून्य; ३५ ते ४९ पर्यंत २०; ५० व त्यापुढें ३०.

दुसरा कमरेच्या घेराचा. पुरुषांचा घेर ९० सेंटिमीटरांखालीं असेल तर शून्य, ९० ते ९९ असेल तर १०, आणि १०० वा अधिक असेल तर २०. स्त्रियांचा ८० खालीं असेल तर शून्य, ८० ते ८९ असेल तर १०, आणि ९० वा अधिक असेल तर २०. इंचांत पाहणाऱ्यांनीं पुरुषांस साडेपस्तीस व स्त्रियांस साडेएकतीस ही मर्यादा समजावी. माप पँटच्या पट्ट्याजवळ घेऊं नये, कारण पट्टा पोटाखालीं सरकलेला असतो. शेवटची बरगडी व कमरेचें हाड यांच्या मधोमध, श्वास सहज सोडून, पोट आंत न ओढतां घ्यावें.

तिसरा श्रमांचा. नियमित व्यायामही आहे आणि कामही कष्टाचें आहे, तर शून्य. या दोहोंपैकीं एकच आहे, तर २०. दोन्ही नाहींत, तर ३०.

चौथा वारशाचा. आईबापांपैकीं कोणासही मधुमेह नसेल तर शून्य. एकास असेल तर १०. दोघांसही असेल तर २०.

बेरीज ३० पेक्षां कमी झाली तर धोका थोडा. ३० ते ५० झाली तर मध्यम. ६० वा अधिक झाली तर मोठा. ६० च्या पुढें जाणाऱ्यानें दुखण्याची वाट न पाहतां रक्त तपासून घ्यावें. उगीच घाबरूं मात्र नये. हे गुण म्हणजे रोगाचें निदान नव्हे, ती इशाऱ्याची घंटा आहे.

उदाहरणार्थ, एक चाळीस वर्षांचे गृहस्थ घ्या. कचेरींतील काम बसून, व्यायाम नाहीं, कमरेचा घेर ९४, आईस मधुमेह. वयाचे २०, घेराचे १०, श्रमांचे ३०, वारशाचे १०, एकूण ७०. वय त्यांच्या हातीं नाहीं, आईचा वारसाही नाहीं. परंतु त्यांनीं रोज नेमानें वेगानें चालण्यास आरंभ केला आणि घेर ९० च्या खालीं आणला, तर श्रमांचे २० व घेराचा शून्य होऊन बेरीज ५० वर येते. चार दारांपैकीं दोन आपणांस लोटून घेतां येत नाहींत, पण दोन येतात. या सर्व विषयाचें सार इतकेंच आहे.

हीं दारें लोटल्यानें खरोखर कांहीं होतें काय? होतें, आणि तें तपासून पाहिलेलें आहे. चेन्नई येथें डॉ. ए. रामचंद्रन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं पूर्वमधुमेहाच्या ५३१ स्त्रीपुरुषांवर सुमारें ३ वर्षें लक्ष ठेविलें. निष्कर्ष २००६ सालीं प्रसिद्ध झाले. ज्यांस नेहमींचा सल्ला देऊन सोडलें होतें, त्यांतील शेंकडा ५५ मधुमेही झाले. ज्यांच्या आहाराची व चालण्याची वेळोवेळीं काळजी वाहिली, त्यांत हें प्रमाण शेंकडा ३९ वर राहिलें. अमेरिकेंत तीन हजारांहून अधिक लोकांवर झालेल्या व २००२ सालीं प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत आठवड्यास १५० मिनिटें चालणें आणि वजन शेंकडा ७ नें कमी करणें असा नेम घालून दिला होता. तेथें मधुमेह होण्याचें प्रमाण शेंकडा ५८ नें घटलें. पथ्य पाळणाऱ्यास कधींच मधुमेह होणार नाहीं, असें अभिवचन मी देत नाहीं. परंतु पुष्कळांचा टळतो, व पुष्कळांचा लांबणीवर पडतो. आणि दहा वर्षें लांबलेला रोग म्हणजे डोळ्यांस व मूत्रपिंडांस मिळालेलीं दहा वर्षें होत.

आपल्या समाजाकडे पाहिलें तर काय बदललें हें सहज दिसतें. आपले आजे-पणजे वाडींत खणीत, शिंपीत, केळीचे घड व भाजीच्या पाट्या वाहून नेत. भात तेही खात, आणि पोटभर खात. पण तो ते संध्याकाळपर्यंत जिरवीत. आज वाडी थोड्यांकडे उरली. आपण आगगाडींत उभे, कचेरींत बसलेले, आणि घरीं दूरचित्रवाणीपुढें टेकलेले. ताट मात्र आजोबांचेंच राहिलें, किंबहुना त्यांत पाव, फरसाण व गोड पेयें यांची भर पडली.

म्हणून ताटाविषयीं थोडें सांगतों. ताटाचा अर्धा भाग भाज्या व कोशिंबीर यांचा असावा. पाव भाग मासळी, डाळ, कडधान्य किंवा अंडें यांचा. आणि उरलेल्या पाव भागांत भात किंवा भाकरी. भात अगदीं वर्ज्य नाहीं, पण तो ताटाचा मालक नसावा. आपल्याकडील ताजी मासळी उत्तम. ती तळण्यापेक्षां कालवणांत बरी. एखादें लहान केळें शत्रु नव्हे. परंतु सुकेळींत पाणी उडून साखर दाट झालेली असते, हें ध्यानांत ठेवावें. नाताळांतील करंजी किंवा लग्नांतील फुगे एक दिवस खाल्ल्यानें कोणास मधुमेह होत नाहीं. तो होतो उरलेल्या तीनशें साठ दिवसांच्या संवयीनें. तंबाखू व विडी-सिगारेट यांनीं धोका वाढतो. दारूनेंही पोटाचा घेर व यकृतांतील चरबी वाढते. आणि चालणें म्हणजे बाजारांत रेंगाळणें नव्हे. बोलतां येईल पण गातां येणार नाहीं इतक्या वेगानें रोज अर्धा तास चालावें.

तपासणीचे आंकडे लिहून ठेवावे. उपाशीपोटीं रक्तांतील साखर १०० मिलिग्रॅमांखालीं असावी. १०० ते १२५ हा उंबरठा. १२६ वा अधिक, आणि दुसऱ्या तपासणींतही तशीच, तर मधुमेह. गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी दाखविणारी 'एचबीए-वन-सी' ही तपासणी ५.७ खालीं असावी, ६.५ व त्यावर मधुमेह समजतात. सरकारी आरोग्य केंद्रांत ३० वर्षांवरील सर्वांसाठीं ही प्राथमिक तपासणी ठेवलेली आहे. तिचा लाभ घेण्यांत संकोच नसावा.

ज्यांस रोग झालाच आहे त्यांस दोन शब्द. औषध आपल्या मनानें थांबवूं नये. साखर उतरली म्हणजे औषध लागू पडलें. रोग गेला असें नव्हे. वर्षांतून एकदां डोळे, मूत्रपिंडें व पाय तपासून घ्यावे, आणि अनवाणी चालूं नये. इन्सुलिन किंवा गोळ्या घेणाऱ्यांनीं उपवासकाळांत डॉक्टरांस विचारल्यावांचून जेवण चुकवूं नये. साखर एकाएकीं उतरून घेरी येते व जीवावर बेततें. आजाऱ्यास उपवासाचें बंधन नाहीं, हें आपले फादरच आपणांस अधिकारानें सांगतील.

शेवटची गोष्ट सर्वांत नाजूक आहे. अजूनही कित्येक घरांत मुलीचा मधुमेह लपविला जातो, कारण तिचें लग्न जमणार नाहीं अशी भीति असते. ती सासरीं गुपचूप इन्सुलिन टोचते, किंवा टोचीतच नाहीं. हें लपविणें रोगाहून अधिक घात करतें. मधुमेह हा डाग नव्हे, आणि तो झालेली मुलगी योग्य उपचारांनीं सुखानें संसार करूं शकते, आई होऊं शकते. रोग उघड बोलण्याचें धैर्य तिनें दाखवावें असें म्हणण्यापूर्वीं, तें ऐकून घेण्याचा मोठेपणा आपण सर्वांनीं दाखविला पाहिजे.

 सभेंतून घरीं गेल्यावर शिवणाच्या डब्यांतील फीत काढावी, आधीं स्वतःची व मग घरांतील प्रत्येकाची कंबर मोजावी, आणि आंकडे कागदावर लिहून ठेवावे, एवढीच विनंति करून मी आपली रजा घेतों.